वरकुट्याहून पुण्यास जाताना : घर कोठे करावे?

पुणे-सोलापूर महामार्गाने भिगवण मागे पडले की डाव्या हातास उजनी जलाशयाचे पाणी अधूनमधून दृष्टीस पडते आणि उजव्या हातास उसाची, डाळिंबाची शेते सुरू होतात. हा इंदापूर तालुका. उत्तरेस व पूर्वेस भीमा, दक्षिणेस नीरा, आणि मधल्या कोरडवाहू माळावर कालव्याने व जलाशयाने आणलेली हिरवाई. याच तालुक्यात वरकुटे बुद्रुक व वरकुटे खुर्द ही दोन गावे आहेत. अशा गावांत आणि बारामती, फलटण, नातेपुते, अकलूज या साऱ्या पट्ट्यात जैन व्यापारी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली. पुढे दुकान, मागे घर, माडीवर धान्याची पोती आणि गल्ल्याशेजारी लाल कापडाची वही, असा त्यांचा संसार. पेरणीच्या वेळी उधार द्यायचे आणि सुगीला वसूल करायचे, हा व्यवहार कागदापेक्षा ओळखीवर चालला.

आता त्या घरांतून एक प्रश्न वारंवार विचारला जातो : पुण्यास जायचे का, आणि जायचे तर पुण्यात नेमके कोठे? पहिल्या प्रश्नावर वर्षानुवर्षे चर्चा होते. दुसऱ्याचा निर्णय मात्र पुष्कळदा एका रविवारी, एखाद्या नातलगाच्या सांगण्यावरून, नमुना सदनिका पाहून घेतला जातो. प्रत्यक्षात कुटुंबाचे पुढील सुखदुःख या दुसऱ्या निर्णयावरच अधिक अवलंबून असते. पुणे हे नाव एक असले तरी मुकुंदनगरचे पुणे, हडपसरचे पुणे आणि वाघोलीचे पुणे यांत राहणाऱ्याच्या दृष्टीने फार अंतर आहे.

हा मुलूख स्थलांतर जाणतो

इंदापूर तालुक्याला स्थलांतराची ओळख नव्याने करून देण्याची गरज नाही. उजनी धरण १९८० साली पूर्ण झाले आणि भीमाकाठची अनेक गावे पाण्याखाली गेली. पळसदेवचे जुने मंदिर उन्हाळ्यात पाणी ओसरले की आजही वर येते आणि जुन्या गावठाणाची जागा दाखवते. त्या लोकांना कोठे राहायचे हे निवडण्याची मुभा फारशी नव्हती. आज दुकान आवरून शहरात जाणाऱ्या कुटुंबाला ती आहे, आणि म्हणूनच तिचा उपयोग विचारपूर्वक केला पाहिजे.

याच तालुक्याने उलट दिशेचे स्थलांतरही पाहिले आहे. सोलापूरच्या जैन व्यापारी घराण्यात १८८२ साली जन्मलेले शेठ वालचंद हिराचंद यांनी १९३०च्या दशकात कळंबच्या परिसरात साखर कारखाना उभा केला. तेथे वालचंदनगर वसले. भांडवल शहरातून माळरानावर आले आणि त्यामागून कामगार, शाळा व बाजार आले. बारामतीत १९६२ साली अनेकान्त एज्युकेशन सोसायटीने तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय सुरू केले. पुढे १९७२ साली विद्या प्रतिष्ठानची स्थापना झाली. त्यामुळे ज्या शिक्षणासाठी एकेकाळी पुण्याचे वसतिगृह गाठावे लागे, त्यातील बरेचसे आता बारामतीत मिळते. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही तेथे आहे.

म्हणून पुण्यातील उपनगरांची यादी करण्याआधी कुटुंबाने बारामतीचा विचार केलाच पाहिजे. दुकान गावातच ठेवायचे असेल, ऊस व डाळिंब पिकवणारी गिऱ्हाइके तुटू द्यायची नसतील आणि मुले शाळेत असतील, तर बारामतीस बिऱ्हाड आणि गावी दुकान ही व्यवस्था अनेकांना सोयीची ठरते. पुण्यास जाण्याची खरी कारणे वेगळी असतात : मुलाची पुण्यातील नोकरी, घाऊक व्यापारात उतरण्याची इच्छा, वृद्धांचे दीर्घ औषधोपचार. आणि एक कारण असे, की जे घरात मोठ्याने बोलले जात नाही. मुलासाठी स्थळ पाहताना मुलीकडचे विचारतात, “मुलगा चांगला आहे, घरही चांगले आहे, पण पुण्यात फ्लॅट आहे का?” या एका प्रश्नापायी कित्येक बापांनी दुकानातील भांडवल काढून शहरात सदनिका घेतली आहे. केवळ बायोडाटात लिहिण्यासाठी घेतलेले घर आणि राहण्यासाठी घेतलेले घर यांची जागा एकच असेल असे नाही, एवढे तरी त्या वेळी ध्यानी ठेवावे.

बाजार गेला तिकडे वस्ती गेली

पुण्यातील व्यापारी समाजाची वस्ती कशी सरकत गेली हे पाहिले तर निवडीचे अर्धे उत्तर मिळते. जुना घाऊक व्यापार भवानी पेठ, नाना पेठ, रविवार पेठ या भागांत होता आणि दुकानदारांची घरे त्याच पेठांत किंवा लगतच्या गुरुवार, गणेश पेठांत होती. गुरुवार पेठेतील गोडीजी पार्श्वनाथ मंदिर आणि आसपासची स्थानके, उपाश्रय, धर्मशाळा हे त्या वस्तीचे केंद्र. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, नदीकाठच्या पेठा उद्ध्वस्त झाल्या आणि शहर पर्वतीच्या पलीकडे व इतर उंच भागांकडे सरकू लागले. पुढे भुसार बाजार पेठांतून गुलटेकडीच्या मार्केट यार्डात हलला. व्यापारी मग त्याच्यामागे मुकुंदनगर, महर्षीनगर, सॅलिसबरी पार्क आणि बिबवेवाडी येथे गेले. त्यानंतर गंगाधाम चौकाच्या पुढे कोंढव्याच्या दिशेने इमारती चढत गेल्या.

देरासर, स्थानक, पाठशाळा, कांदा-लसूण नसलेले पदार्थ देणारी दुकाने, आयंबिलाची सोय हे सारे वस्तीबरोबर आले. याचा अर्थ असा, की ज्याचा गाळा मार्केट यार्डात आहे किंवा जो तेथे आडतीवर अथवा दलालीच्या कामात शिरणार आहे, त्याच्यासाठी या पट्ट्याला पर्याय शोधणे अवघड आहे. ज्याचा मुलगा हिंजवडीच्या कंपनीत आहे, त्याने मात्र केवळ ‘आपली माणसे तेथे आहेत’ म्हणून बिबवेवाडीत घर घ्यावे का, याचा फेरविचार करावा. त्या मुलाचा दिवस रस्त्यावर जाईल आणि आपल्या माणसांची भेट रविवारीच होईल.

सूर्यास्ताचे अंतर

शहरात अंतर किलोमीटरने मोजून भागत नाही. व्यापारी जैन कुटुंबासाठी त्याहून खरे माप एक आहे : दुकान किंवा कचेरी सोडल्यापासून सूर्यास्तापूर्वी घरच्या पानावर बसता येते का? पुण्यात जूनअखेरीस सूर्य सव्वासातच्या सुमारास मावळतो, तर नोव्हेंबर-डिसेंबरात सहाच्या सुमारास. उन्हाळ्यात पाहिलेले घर उन्हाळ्याच्या हिशेबाने जवळ वाटते; हिवाळ्यात तेच दूर जाते. चौविहार पाळणाऱ्या घरात पुरुष डबा दुकानातच उघडू लागला, सुनेने वेगळ्या वेळी पान घेतले आणि मुले रात्री नऊला जेवू लागली, तर महिनाभरातच एकत्र जेवणे बंद होते. व्रत मोडत नाही कदाचित. पण घरातील सारी माणसे एका वेळी समोरासमोर बसण्याचा दिवसातील एकमेव प्रसंग जातो. गावाकडे दुकानाच्या मागेच घर असल्याने ही अडचण कधी जाणवलीच नव्हती.

म्हणून घर पाहण्यास जाणाऱ्याने कामाच्या दिवशी, सायंकाळी पाचच्या पुढे, कामाच्या ठिकाणापासून त्या घरापर्यंत स्वतः एकदा जाऊन पाहावे. मार्केट यार्ड ते मुकुंदनगर किंवा महर्षीनगर हे अंतर एक-दोन किलोमीटरचे आहे. दुचाकीने, प्रसंगी पायीही जाता येते. गंगाधाम-कोंढवा रस्त्यावर अंतर थोडेच वाढते, पण चढ-उताराचा रस्ता, अवजड वाहने आणि चौकातील कोंडी यांनी वेळ वाढतो. हडपसरहून मार्केट यार्डास येणे-जाणे म्हणजे सकाळ-सायंकाळ रांगेत उभे राहणे. चिंचवड तर वीस किलोमीटरच्या घरात. मात्र पिंपरी ते स्वारगेट हा मेट्रोमार्ग २९ सप्टेंबर २०२४ रोजी पूर्ण झाल्यापासून तो प्रवास निदान वेळेचा भरवसा देणारा झाला आहे. स्वारगेट ते कात्रज या भुयारी मार्गाची पायाभरणीही त्याच दिवशी झाली आणि त्यावर मार्केट यार्डचे स्थानक येणार आहे. परंतु येणाऱ्या मेट्रोच्या भरवशावर आजचे घर घेऊ नये. मुलाचे शालेय शिक्षण सरते तरी काम चालूच असते, असे शहरांत घडत आले आहे.

आजींचा मार्ग

दुसरे माप घरातील सर्वांत वृद्ध व्यक्तीचे. गावात आजीबाईंना सारे ओळखतात. त्या ओट्यावर बसल्या की दिवसभर माणसे येतात, पीकपाणी सांगतात, नातवंडांची चौकशी करतात. त्याच आजीबाई शहरात अकराव्या मजल्यावर गेल्या की दाराला आतून कडी लावून बसतात. उद्वाहन बंद पडण्याची भीती, रस्ता ओलांडण्याची भीती आणि कोणाचे दार ठोठावावे हा संकोच. सहा महिन्यांत त्या म्हणू लागतात, “मला गावी नेऊन सोडा.” घरच्यांना वाटते की त्यांना शहर मानवले नाही. खरे तर त्यांना देरासर किंवा स्थानक पायी गाठता येत नाही, एवढेच असते.

म्हणून घरातील कर्त्याने वृद्धांना सोबत घेऊनच घर पाहावे. इमारतीच्या फाटकापासून मंदिरापर्यंत त्यांना चालवावे. वाटेत मोठा रस्ता ओलांडावा लागतो का, पदपथ आहे का, मध्ये टेकायला बाक आहे का, हे पाहावे. जुन्या वसाहतींत तीन-चार मजली इमारती आणि झाडांखालचे अंतर्गत रस्ते आहेत. तेथे जिना चढावा लागतो, पण खाली उतरल्यावर माणूस भेटतो. नव्या संकुलांत बाग, उद्वाहन, सुरक्षारक्षक सर्व असते. पण मंदिर फाटकाबाहेर दोन किलोमीटरवर असू शकते. दोन्हींत काही मिळते आणि काही जाते. काय गेलेले चालेल, हे त्या वृद्धेलाच विचारावे.

उपनगरांचे गुणदोष

मुकुंदनगर, महर्षीनगर, सॅलिसबरी पार्क हा पट्टा समाजजीवनाच्या दृष्टीने सर्वांत भरलेला आहे. चातुर्मासात व्याख्यान, पर्युषणात प्रतिक्रमण, मुलांसाठी पाठशाळा, सारे हाताशी. दोष एकच, पण मोठा : भाव. गावाकडील जमीन वा दुकान विकून येथे घेतलेले घर बहुधा लहान असते, आणि मोठ्या वाड्यात वाढलेल्या दोन भावांची कुटुंबे दोन खोल्यांत आली की प्रेमालाही जागा अपुरी पडते.

बिबवेवाडी, गंगाधाम, कोंढवा या बाजूस थोड्या अधिक जागेत राहता येते आणि समाजाची वस्तीही दाट आहे. सहकारनगर, अरण्येश्वर, पद्मावती, कात्रज या भागांतून आंबील ओढा वाहतो. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री त्याला आलेल्या पुराने संरक्षक भिंती पाडल्या, वाहने वाहून नेली आणि माणसांचे प्राण घेतले. त्यामुळे या अंगाला तळमजल्याचे घर किंवा दुकान घेताना ओढा किती अंतरावर आहे आणि त्या रात्री तेथे पाणी कोठवर चढले होते, हे शेजारच्या जुन्या रहिवाशांना विचारावे. ते हाताने भिंतीवरची खूण दाखवतात.

हडपसर व मांजरी हे सोलापूर रस्त्यावरील पुण्याचे प्रवेशद्वार. इंदापूरकडून येणाऱ्याला सारे शहर न ओलांडता घर गाठता येते. गावी दर आठवड्यास फेरी असणाऱ्या, शेतमालाशी नाते ठेवणाऱ्या कुटुंबाला याचे मोल फार आहे. मगरपट्टा येथे शेतकरी कुटुंबांनी आपल्या जमिनी एकत्र करून सुमारे चारशे एकरांवर नगर उभारले, आणि लगतच नोकऱ्याही आल्या. मात्र पुढे फुरसुंगी, उरुळी देवाचीच्या बाजूस घर घेणाऱ्याने तेथील कचरा डेपोचा व पाण्याचा प्रश्न समजून घ्यावा.

वाघोली हे अहिल्यानगर रस्त्यावरचे ठिकाण. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर भारतीय जैन संघटनेने भूकंपग्रस्त भागातील सुमारे १,२०० मुलांच्या शिक्षणाची जबाबदारी घेतली, ते कार्य येथेच रुजले. त्यामुळे समाजात या गावाचे नाव आदराने घेतले जाते. येथे सदनिका तुलनेने स्वस्त आहेत. पण वाघोली महानगरपालिकेत आली ती २०२१ साली, इतर गावांसोबत. हद्दीत येणे आणि नळाला पाणी येणे यांत बरीच वर्षे जातात. लोहगाव, उंड्री, पिसोळी यांसारख्या समाविष्ट गावांतही हाच अनुभव आहे. गावी विहीर असलेल्या माणसाला सदनिकेच्या किमतीत टँकरचा मासिक खर्च धरण्याची सवय नसते. ती येथे लावून घ्यावी लागते.

चिंचवड, आकुर्डी, निगडी हा भाग पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेचा. ती १९८२ पासून स्वतंत्र आहे. कारखान्यांना माल पुरवणारे, यंत्रांचे सुटे भाग विकणारे व्यापारी येथे स्थिरावले. फत्तेचंद जैन विद्यालयासारख्या जुन्या शाळेमुळे समाजाची मुळे येथे खोल आहेत. रुंद रस्ते आणि मोकळी हवा हे गुण. ज्याचा व्यापार औद्योगिक आहे किंवा ज्याचा मुलगा हिंजवडीस जातो, त्याने मार्केट यार्डाच्या मोहात न पडता हा भाग आधी पाहावा.

आधी एक पावसाळा

इतके पाहूनही घाई करू नये. अनुभवी माणसे सांगतात, की ज्या भागात घर घ्यायचे आहे तेथे आधी भाड्याने राहावे. अकरा महिन्यांचा भाडेकरार होतो. तो नोंदणीकृतच असावा. या अकरा महिन्यांत एक पावसाळा, एक चातुर्मास आणि एक उन्हाळा गाठावा. पावसाळ्यात रस्त्यावर पाणी किती साचते, चातुर्मासात आपण खरोखर व्याख्यानाला जातो का, आणि उन्हाळ्यात टाकीत पाणी येते का, या तीन प्रश्नांची उत्तरे विक्रेत्याच्या माहितीपत्रकात नसतात. भाडे वाया गेले असे कोणी म्हणेल; पण चुकीच्या जागी अडकलेल्या भांडवलापुढे ते अल्प आहे.

विकत घेताना प्रकल्पाची महारेराकडे नोंदणी आहे का हे संकेतस्थळावर पाहता येते. २०१७ पासून ही सोय आहे. तयार इमारतीचे भोगवटा प्रमाणपत्र, जुन्या सोसायटीच्या जागेचे अभिहस्तांतरण आणि वकिलाचा शोध अहवाल पाहिल्याशिवाय विसार देऊ नये. घर महिलेच्या नावे घेतल्यास १ एप्रिल २०२१ पासून मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. सवलतीपुरतेच नव्हे, तर ज्या सुनेला किंवा आईला त्या घरात सर्वाधिक वेळ काढायचा आहे तिचे नाव दस्तावर असणे उचितही आहे. गावात दुकान आजोबांच्या नावे, शेत वडिलांच्या नावे अशी रीत चालली. शहरातील पहिल्या घरापासून ती बदलता येईल.

मागे राहिलेले दार

कुटुंब निघते तेव्हा दुकानाचे काय करायचे हा हिशेब होतो. वही बंद होते, येणे-देणे मिटवले जाते. एका गोष्टीचा हिशेब मात्र सहसा राहून जातो. सोलापूर रस्त्याने साधू-साध्वींचा विहार चालतो. यवत, चौफुला, पाटस, कुरकुंभ, भिगवण, पळसदेव, लोणी देवकर, इंदापूर अशी ही वाट. पुण्यात स्थानके शेकडो पावलांवर आहेत. या वाटेवर मात्र मुक्कामाला आधार असतो तो एखाद्या गावातील एकदोन घरांचा. पहाटे निघून मैलोगणती चालून आलेल्या साध्वीजींना गोचरी आणि उकळलेले पाणी मिळते ते त्याच घरातून. अशा गावातील शेवटचे जैन घर कुलूपबंद झाले, की त्या दिवसाचा विहार लांबतो किंवा मार्ग बदलावा लागतो. पेठेतील दहा घरे उपनगरात गेली तरी संघाला फरक पडत नाही. वाटेवरचे एक घर गेले की पडतो.

यावर उपाय म्हणून कोणी गावातच राहावे असा आग्रह धरणे अन्यायाचे होईल. मुलांचे शिक्षण, विवाह आणि उपचार यांच्या गरजा खऱ्या आहेत. पण जाणाऱ्या कुटुंबाला काही गोष्टी करता येण्यासारख्या आहेत. वाड्याची पुढची खोली आणि पाण्याची सोय नीट ठेवावी, किल्ली विश्वासू शेजाऱ्याकडे द्यावी, विहाराची वार्ता कळताच घरातील एकाने आदल्या सायंकाळी गावी यावे. हडपसर किंवा मांजरीचे घर निवडलेल्या कुटुंबाला हे अधिक सहज जमते. उपनगर निवडताना हा एक मुद्दाही तराजूत टाकण्यास हरकत नाही. गावातील शेजारी बहुधा जैन नसतो. वर्षानुवर्षे दुकानातून उधार नेलेला, सुगीला न चुकता फेडलेला तो शेतकरी असतो, आणि महाराज येणार म्हटले की अंगण झाडून ठेवण्यास त्याला सांगावे लागत नाही.

शेवटी निर्णय एका माणसाने घेऊ नये. घरातील सर्वांनी एकत्र बसून कागदावर चार रकाने आखावेत : कामाचे ठिकाण, शाळा, मंदिर आणि गाव. प्रत्येक उपनगरापासून या चारही ठिकाणी जाण्यास लागणारा वेळ लिहावा. चारही रकान्यांत कमी वेळ दाखवणारे उपनगर पुण्यात कोठेही सापडणार नाही. मग कोणता रकाना कोणासाठी सोडायचा, हे बोलून ठरवावे आणि ज्याचा रकाना सुटला त्याच्यासाठी आठवड्यातील एक दिवस राखून ठेवावा. आजींचा रकाना सुटला असेल, तर तो दिवस त्यांना गावी नेण्याचा असावा.